विश्लेषण : दुसरे मत कुणाला? भंडाऱ्याच्या १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर का हरले?

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव हा अनुसूचित जातींसाठी राखीव विधानसभा मतदारसंघ आहे. २०१९ च्या निवडणुकीत तिथे विजयी आणि पराभूत उमेदवारांमध्ये फक्त ७१८ मतांचे अंतर होते. चुरशीच्या लढतींची चर्चा निघाली की जिल्ह्यात हा आकडा हमखास आठवतो. मात्र याच भागाने त्याआधी ६५ वर्षे आणखी एक अटीतटीची लढत पाहिली होती. ती होती लोकसभेची पोटनिवडणूक, आणि राखीव जागेवर उमेदवार होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. संविधान लागू होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती आणि मसुदा समितीचे अध्यक्ष त्यात पराभूत झाले. हा पराभव कसा झाला, ही पोटनिवडणूक मुळात का घ्यावी लागली आणि मते देण्याच्या व मोजण्याच्या नियमांचा त्यात किती वाटा होता, हे समजण्यासाठी उमेदवार आंबेडकरांची पूर्ण वाटचाल पाहावी लागते. ती सुरू होते प्रांतिक विधिमंडळापासून.

मतदानाच्या हक्काचा विचार कधीपासून?

डॉ. आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. सातारा आणि मुंबईत शालेय शिक्षण, बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ, पुढे लंडनमध्ये अर्थशास्त्र आणि कायदा हा त्यांचा शैक्षणिक प्रवास सर्वांना माहीत आहे. त्यांच्या सार्वजनिक जीवनातील सुरुवातीचे एक मोठे काम मात्र निवडणुकीशी संबंधित होते, हे कमी जणांना ठाऊक असते. १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. त्या काळी मत देण्याचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर ठरत असे. ज्यांच्याकडे जमीन नाही आणि ज्यांना शाळेत बसू दिले जात नाही, त्यांचे नाव मतदार यादीत येणार कसे, हा त्यांचा मुद्दा होता.

१९२६ च्या अखेरीस त्यांची मुंबई कायदेमंडळावर नियुक्ती झाली. ते तिथे निवडून आले नव्हते, सरकारनियुक्त सदस्य होते. त्या वेळी दलित वर्गाला प्रतिनिधित्व मिळण्याचा मार्ग हाच होता. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे एकीकडे पाण्याच्या हक्काचा लढा आणि दुसरीकडे सभागृहातील काम ही दोन्ही कामे एकाच सुमारास सुरू झाली. १९२८ मध्ये सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. सर्वांना मत असेल तर स्वतंत्र मतदारसंघाशिवाय, केवळ राखीव जागांवरही भागेल, अशी त्यांची तेव्हाची भूमिका होती. प्रौढ मताधिकार मिळण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा गोलमेज परिषदेत त्यांनी स्वतंत्र मतदारसंघाचा आग्रह धरला.

पुणे कराराने नेमके काय बदलले?

१९३२ च्या ऑगस्टमधील जातीय निवाड्यात दलित वर्गाला प्रांतिक कायदेमंडळांमध्ये ७१ जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ देण्यात आले. म्हणजे या जागांचे प्रतिनिधी दलित मतदार स्वतः निवडणार होते. त्याविरोधात महात्मा गांधींनी येरवडा तुरुंगात उपोषण केले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा वाढून १४८ झाल्या.

कराराची दुसरी बाजू निवडणुकीच्या पद्धतीत होती. राखीव जागेसाठी आधी दलित मतदारांची प्राथमिक निवडणूक होऊन चार उमेदवार ठरणार होते. त्या चौघांतून एकाची अंतिम निवड मात्र त्या मतदारसंघातील सर्वसाधारण यादीतले सगळे मतदार करणार होते. जागा वाढल्या, पण त्या जागेवर कोण बसणार हे ठरवणारा मतदार बदलला. पुढची २० वर्षे डॉ. आंबेडकरांच्या प्रत्येक निवडणुकीवर या बदलाचा परिणाम दिसतो.

१९३७ ची निवडणूक त्यांनी कशी जिंकली?

१९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये प्रांतिक विधानसभांच्या निवडणुका झाल्या. देशाच्या लोकसंख्येच्या साधारण सातव्या हिश्श्यालाच तेव्हा मत होते. डॉ. आंबेडकरांनी त्याआधी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता. पक्षाच्या नावात जात नव्हती, मजूर होता. १७५ सदस्यांच्या मुंबई विधानसभेसाठी पक्षाने १७ उमेदवार दिले आणि त्यातले १४ निवडून आले. त्यात काही सर्वसाधारण जागाही होत्या.

स्वतः डॉ. आंबेडकर भायखळा-परळ या गिरणगावातील मतदारसंघातून उभे होते. काँग्रेसने त्यांच्यासमोर पी. बाळू म्हणजेच पालवणकर बाळू यांना उतरवले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात आपल्या फिरकीने नाव कमावलेला हा क्रिकेटपटू मुंबईत घराघरांत माहीत होता आणि तोही दलित समाजातला होता. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळू यांना ११,२२५. अंतर २,०२० मतांचे.

या निवडणुकीत मुंबई प्रांतातील बहुसदस्यीय मतदारसंघांमध्ये मत देण्याची एक वेगळी सोय होती. मतदारसंघातून जितके सदस्य निवडायचे, तितकी मते प्रत्येक मतदाराला असत आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. याला एकत्रित मतदान म्हणता येईल. याउलट दुसऱ्या पद्धतीत मतदाराला प्रत्येक मत वेगवेगळ्या उमेदवाराला द्यावे लागते. त्याला विभागून मतदान म्हणू.

या दोन पद्धतींतला फरक एका सोप्या गणिताने समजतो. समजा एका मतदारसंघात १०० मतदार आहेत, दोन जागा आहेत आणि प्रत्येकाला दोन मते आहेत. एका गटाचे ३६ मतदार आहेत, दुसऱ्या गटाचे ६४. मते विभागूनच द्यायची असतील, तर ३६ जणांच्या उमेदवाराला जास्तीत जास्त ३६ मते मिळतात आणि मोठ्या गटाच्या दोन्ही उमेदवारांना प्रत्येकी ६४. दोन्ही जागा मोठ्या गटाकडे जातात. एकत्रित मतदानाची मुभा असेल, तर ३६ जण आपली दोन्ही मते एकालाच देतात आणि त्याची ७२ मते होतात. मोठ्या गटाकडे एकूण १२८ मते आहेत. ती कशीही वाटली तरी त्यांचे दोन उमेदवार एकाच वेळी ७२ च्या पुढे जाऊ शकत नाहीत. लहान गटाला एक जागा नक्की मिळते. मतदार तेच, जागाही तितक्याच, फक्त मत देण्याचा नियम बदलला आणि निकाल बदलला.

आमदार आंबेडकरांनी काय केले?

मुंबईत बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि डॉ. आंबेडकर विरोधी बाकांवर बसले. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी कोकणातील खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. त्याच वर्षी औद्योगिक तंट्यांसंबंधीच्या विधेयकात संपावर बंधने येत असल्याने त्यांनी सभागृहात त्याला विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला कामगारांचा एक दिवसाचा संप झाला. त्यात कम्युनिस्टही त्यांच्यासोबत होते. १४ आमदारांच्या बळावर सरकार पडत नव्हते, पण सरकारला उत्तर द्यावे लागत होते. निवडून आलेला प्रतिनिधी आणि नेमलेला प्रतिनिधी यांतला फरक या काळात स्पष्ट दिसला.

१९४६ मध्ये १५१ पैकी दोनच जागा का?

जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच महिन्यात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये प्रांतिक विधानसभांच्या निवडणुका झाल्या आणि फेडरेशनला जबर धक्का बसला. देशभरातील १५१ राखीव जागांपैकी पक्षाला फक्त दोन मिळाल्या. एक बंगालमध्ये आणि दुसरी मध्य प्रांत-वऱ्हाडमध्ये, ज्या प्रांतात तेव्हा भंडारा जिल्हा आणि गोंदिया होते.

काँग्रेसची लाट हे एक कारण होते आणि फेडरेशनची संघटना सगळीकडे सारखी मजबूत नव्हती हे दुसरे. डॉ. आंबेडकरांनी मात्र प्राथमिक आणि अंतिम निवडणुकीच्या निकालांकडे लक्ष वेधले. दलित मतदारांच्या प्राथमिक निवडणुकीत फेडरेशनची कामगिरी बरीच चांगली होती. सर्व मतदारांच्या अंतिम फेरीत तेच उमेदवार मागे पडले. पुणे करारातील दुसऱ्या टप्प्याबद्दलची त्यांची शंका या आकड्यांनी अधिक पक्की झाली.

या निकालामुळे मुंबईतून संविधान सभेवर जाण्याचा त्यांचा मार्ग बंद झाला, कारण संविधान सभेचे सदस्य प्रांतिक विधानसभांचे आमदार निवडत होते. अखेर बंगालमधील फेडरेशनचे आमदार जोगेंद्रनाथ मंडल यांच्या प्रयत्नांतून ते बंगालमधून निवडून गेले. फाळणीमुळे ती जागा गेली. त्यानंतर जुलै १९४७ मध्ये काँग्रेसच्या पाठिंब्याने ते मुंबईतून पुन्हा संविधान सभेवर आले. १५ ऑगस्टला कायदामंत्री झाले आणि २९ ऑगस्टला मसुदा समितीवर त्यांची नेमणूक झाली.

नियम लिहिणारा माणूस

२६ जानेवारी १९५० रोजी लागू झालेल्या संविधानात १९१९ पासूनची त्यांची मागणी प्रत्यक्षात आली. अनुच्छेद ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत दिले. अनुच्छेद ३२५ ने धर्म किंवा जातीनुसार वेगळ्या मतदार याद्या बंद केल्या. अनुच्छेद ३२४ ने निवडणूक आयोग दिला. स्वतंत्र मतदारसंघ आले नाहीत. राखीव जागा राहिल्या, पण त्या सर्व मतदारांच्या मतांवर निवडल्या जाणार होत्या. प्राथमिक निवडणुकीचा टप्पाही नव्हता.

१९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा संसदेत मंजूर झाला, तेव्हा कायदामंत्री डॉ. आंबेडकरच होते. निवडणूक कशी लढवायची, अपात्र कोण, तक्रार कुठे करायची हे सगळे या कायद्यात होते. त्यात कलम ७ (ड) मध्ये एक अट होती. सरकारला माल पुरवण्याच्या किंवा सरकारचे काम करण्याच्या करारात ज्याचा हितसंबंध आहे, तो सदस्य होण्यास अपात्र ठरतो. या कलमाचा भंडाऱ्याशी पुढे थेट संबंध आला.

हिंदू कोड बिल रखडल्याने सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. काही महिन्यांतच पहिली सार्वत्रिक निवडणूक होती.

दोन सदस्यांचा मतदारसंघ म्हणजे काय?

पहिल्या निवडणुकीत राखीव जागा बऱ्याच ठिकाणी स्वतंत्र मतदारसंघ म्हणून नव्हत्या. एकाच मोठ्या मतदारसंघातून दोन सदस्य निवडले जात, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. लोकसभेप्रमाणेच विधानसभेतही हीच रचना होती. गोंदिया तेव्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होते, त्या राज्याच्या विधानसभेच्या २३२ जागांसाठी १८४ मतदारसंघ होते. त्यातले ४८ दोन सदस्यांचे होते.

अशा मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे आणि मतपत्रिकेवर कोणतीही खूण न करता ती पेटीत टाकायची असे. दोन मतपत्रिका दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकणे बंधनकारक होते. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या, तर एक बाद होई. म्हणजे १९३७ ची एकत्रित मतदानाची सोय आता नव्हती.

निकाल लावताना आधी अनुसूचित जातीच्या उमेदवारांमध्ये सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला राखीव जागा दिली जाई. मग उरलेल्या सगळ्या उमेदवारांतून, त्यांची जात कोणतीही असो, सर्वाधिक मते असणारा दुसऱ्या जागेवर निवडून येई.

१९५२ मध्ये मुंबईत काय घडले?

उत्तर मुंबई या दोन सदस्यांच्या मतदारसंघातून डॉ. आंबेडकर फेडरेशनच्या हत्ती चिन्हावर उभे राहिले. समाजवादी पक्षाशी युती होती आणि सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता उमेदवार होते. काँग्रेसचे नारायण काजरोळकर राखीव जागेवर त्यांच्या विरोधात होते, तर कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगेही रिंगणात होते.

काजरोळकरांना १,३८,१३७ मते मिळाली, डॉ. आंबेडकरांना १,२३,५७६. पराभव १४,५६१ मतांनी झाला. अशोक मेहताही हरले. मात्र निकालापेक्षा जास्त चर्चा झाली ती बाद मतांची. सत्तर हजारांहून अधिक मतपत्रिका मोजणीत बाद ठरल्या होत्या. दुसरे मत वाया घालवण्याचा प्रचार झाला आणि त्यामुळे निकाल फिरला, असा आरोप करत डॉ. आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली. रोख कम्युनिस्टांच्या प्रचारावर होता. याचिका फेटाळली गेली.

१९३७ आणि १९५२ चे आकडे शेजारी ठेवले तर एक गोष्ट दिसते. दोन मुख्य प्रतिस्पर्ध्यांच्या मतांच्या बेरजेत १९३७ चे अंतर सुमारे ८.३ टक्के होते, १९५२ चे सुमारे ५.६ टक्के. म्हणजे ते जिंकले त्या लढतीपेक्षा हरले ती लढत जास्त चुरशीची होती.

मुंबई राज्यातून ते राज्यसभेवर गेले. लोकसभेत जाण्याची इच्छा मात्र कायम होती, आणि दोन वर्षांनी संधी आली ती विदर्भातून.

भंडाऱ्यात पोटनिवडणूक का लागली?

१९५२ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघातून काँग्रेसचे चतुर्भुज जसानी सर्वसाधारण जागेवर आणि तुलाराम साखरे राखीव जागेवर निवडून आले होते. जसानी गोंदियाच्या बिडी व्यवसायातील मोठे नाव. ते मूलजी सिक्का आणि कंपनी या बिडी उत्पादक फर्मचे भागीदार होते. या फर्मचा सैनिकांच्या कँटीनसाठी बिडी पुरवण्याचा करार केंद्र सरकारशी होता.

या निवडणुकीला याचिकेद्वारे आव्हान देण्यात आले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ९ फेब्रुवारी १९५४ रोजी निकाल लागला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. सरकारशी असलेला करार निवडणुकीच्या काळात चालू होता आणि भागीदार म्हणून जसानी यांचा त्यात हितसंबंध होता, असे ठरवून न्यायालयाने त्यांना कलम ७ (ड) खाली अपात्र ठरवले.

याच प्रकरणात दुसरा मुद्दा होता. गंगाराम ठवरे यांचा राखीव जागेसाठीचा अर्ज छाननीत नाकारला गेला होता. ते महार समाजातले, पण महानुभाव पंथात गेले होते. पंथात गेल्याने ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असा आक्षेप होता. समाजाने त्यांना आपल्यातलेच मानले आहे आणि त्यांनीही समाज सोडलेला नाही, त्यामुळे त्यांची जात कायम आहे, असे न्यायालयाने म्हटले. अर्ज चुकीने नाकारला गेल्याने सगळीच निवडणूक रद्द झाली आणि दोन्ही जागा रिकाम्या झाल्या.

अशा रीतीने डॉ. आंबेडकर कायदामंत्री असताना झालेल्या कायद्यातील एका कलमाने, गोंदियाच्या बिडीच्या एका करारामुळे, त्यांच्यासाठी लोकसभेचे दार पुन्हा उघडले.

पोटनिवडणुकीत पेच काय होता?

१९५४ च्या उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याचा हंगाम असतो त्या दिवसांत ही निवडणूक झाली. डॉ. आंबेडकर ६३ वर्षांचे होते आणि प्रकृती साथ देत नव्हती. तरीही ते प्रचाराला फिरले. नेहरू सरकारच्या परराष्ट्र धोरणावर आणि दलितांच्या प्रश्नांवर त्यांनी टीका केली. नागपूर आणि भंडारा भागात फेडरेशनचे कार्यकर्ते गावोगाव होते, त्यामुळे हा मतदारसंघ त्यांच्यासाठी अनुकूल मानला जात होता. राखीव जागेवर काँग्रेसचे उमेदवार होते भाऊराव बोरकर. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते.

पेच दुसऱ्या मताचा होता. फेडरेशनच्या मतदाराचे पहिले मत डॉ. आंबेडकरांना, हे ठरलेले होते. दुसऱ्या मताचे काय करायचे? ते कुणालाच न देता वाया घालवावे, असा सल्ला काही कार्यकर्त्यांनी दिल्याचे त्या काळच्या आठवणींमध्ये सांगितले जाते. त्यामागचे गणित असे होते. राखीव जागेवर बोरकरांना जास्त मते पडली, तरी डॉ. आंबेडकर सर्वसाधारण जागेच्या शर्यतीत राहणारच होते. तिथे आपल्याच लोकांच्या दुसऱ्या मतांनी मेहता पुढे गेले, तर ती संधीही जाईल. काँग्रेसचा दुसरा उमेदवार त्या शर्यतीत असल्याने असे करूनही विजयाची खात्री नव्हती, पण शक्यता वाढली असती.

डॉ. आंबेडकरांनी हा सल्ला मानला नाही, असे याच आठवणी सांगतात. ज्याने संविधान तयार केले, त्यानेच मतदाराला मत वाया घालवायला सांगणे योग्य नाही, पराभव झाला तरी चालेल, अशी त्यांची भूमिका होती. या भूमिकेत सातत्यही होते. मुंबईत ज्या डावपेचाविरुद्ध त्यांनी दोनच वर्षांपूर्वी याचिका केली होती, तोच डावपेच भंडाऱ्यात स्वतःच्या फायद्यासाठी वापरण्याचा हा प्रस्ताव होता.

निकाल काय लागला?

भाऊराव बोरकर आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी विजयी झाले. अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर निवडून आले. मतमोजणीच्या नियमानुसार दुसरी जागा उरलेल्यांतील सर्वाधिक मतांच्या उमेदवाराला मिळत असल्याने मेहतांची मते डॉ. आंबेडकरांपेक्षा जास्त होती, हे उघड आहे. म्हणजे मेहतांना मत देणाऱ्या अनेकांनी आपले दुसरे मत डॉ. आंबेडकरांना दिले नाही.

या पराभवाचे सगळे खापर नियमावर फोडता येत नाही. काँग्रेसची यंत्रणा तेव्हा गावपातळीपर्यंत होती. बोरकरही अनुसूचित जातीचेच होते आणि सगळे दलित मतदार फेडरेशनसोबत नव्हते. राखीव जागा असली तरी तिथे बहुसंख्य मतदार इतर समाजांचे होते आणि त्यांच्यासमोर पर्याय होता. पण १९३७ प्रमाणे दोन्ही मते एकाला देता आली असती, तर आठ हजारांचे अंतर भरून निघण्याची शक्यता मोठी होती, हेही तितकेच खरे.

बोरकर यांचे लवकरच निधन झाले आणि १९५५ मध्ये पुन्हा पोटनिवडणूक होऊन त्यांच्या पत्नी अनसूयाबाई बोरकर निवडून आल्या. डॉ. आंबेडकर त्यानंतर लोकसभेच्या कोणत्याही निवडणुकीत उमेदवार नव्हते.

पराभवानंतर त्यांनी काय सुचवले?

निवडणूक चालू असताना नियम पाळणे आणि नियम चुकीचा वाटत असेल तर तो बदलण्यासाठी नंतर मांडणी करणे, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. १९५५ मध्ये त्यांचे भाषिक राज्यांविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात महाराष्ट्राचे चार भाग सुचवले होते, त्यातला एक विदर्भाचा होता. मात्र याच पुस्तकात अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधित्वावरही प्रकरण आहे. एकसदस्यीय मतदारसंघ आणि राखीव जागा यांऐवजी दोन किंवा तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि एकत्रित मतदान आणावे, असा उपाय त्यांनी त्यात मांडला. ज्या पद्धतीने त्यांना १९३७ मध्ये विधानसभेत नेले होते, तिच्याकडेच ते परतले होते. त्याच वर्षी फेडरेशनने विधिमंडळांतील राखीव जागा रद्द करण्याचा ठरावही केला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले. धर्मांतराचा निवडणुकीवर एक परिणाम झाला. महानुभाव पंथात गेलेल्या ठवरे यांची जात न्यायालयाने कायम मानली होती, पण बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींचे लाभ मिळेनात. राखीव जागेवर बौद्ध म्हणून उभे राहण्याचा मार्ग १९९० च्या दुरुस्तीनंतर खुला झाला.

दोन मतांची पद्धत कधी गेली?

१९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीतही दोन सदस्यांचे मतदारसंघ होते. आंध्र प्रदेशातील पार्वतीपुरम येथे व्ही. व्ही. गिरी सर्वसाधारण जागेवर उभे होते, पण दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी जिंकल्या. गिरी न्यायालयात गेले आणि तिथेही हरले. सर्वाधिक मते मिळवणारा राखीव वर्गाचा उमेदवार सर्वसाधारण जागेवरही निवडून येऊ शकतो, हे त्यातून पक्के झाले. त्यानंतर १९६१ च्या कायद्याने दोन सदस्यांचे मतदारसंघ बंद झाले. त्यामुळे १९६२ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची पहिली निवडणूक झाली, तेव्हा प्रत्येक मतदाराला एकच मत होते.

आज गोंदियात काय बदलले?

भंडारा जिल्हा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्यात आज विधानसभेच्या चार जागा आहेत. गोंदिया आणि तिरोडा सर्वसाधारण, अर्जुनी-मोरगाव अनुसूचित जातींसाठी आणि आमगाव अनुसूचित जमातींसाठी राखीव.

आता मतदाराला एक मत आहे, त्यामुळे दुसऱ्या मताचा पेच उरलेला नाही. राखीव मतदारसंघात सगळे उमेदवार त्या वर्गाचे असतात आणि सगळ्या समाजांचे मतदार त्यांच्यातून एकाला निवडतात. म्हणजे राखीव जागेचा प्रतिनिधी कुणाच्या मतांवर ठरतो, हा पुणे करारापासूनचा प्रश्न आजही तिथेच आहे. अर्जुनी-मोरगावमध्ये २०१९ ला राष्ट्रवादी काँग्रेसचे मनोहर चंद्रिकापुरे यांनी भाजपचे राजकुमार बडोले यांना ७१८ मतांनी हरवले. २०२४ मध्ये बडोले राष्ट्रवादी काँग्रेसकडून त्याच जागेवर विजयी झाले. अशा जागेवर कोणत्याही एका समाजाच्या मतांवर विसंबून चालत नाही, हे दोन्ही निकालांनी दाखवले.

लढत किती चुरशीची झाली हे मतांच्या अंतरावरून कळते. पण ते अंतर कसे तयार झाले, हे मतदाराच्या हातात किती मते होती आणि ती कशी द्यायची होती यावरून कळते. डॉ. आंबेडकरांनी एकत्रित मतदानाच्या पद्धतीत निवडणूक जिंकली आणि विभागून मतदानाच्या पद्धतीत दोनदा गमावली. भंडाऱ्यात त्या पद्धतीला वळसा घालण्याची वाट समोर असूनही त्यांनी ती घेतली नाही. जो मार्ग त्यांना योग्य वाटला, तो त्यांनी पुढच्याच वर्षी पुस्तकात लिहून लोकांसमोर ठेवला.